टाकीचा प्रसंग

गल्लीच्या तोंडाशी सलून चालवणाऱ्या माणसाला सगळे टाकीमामा म्हणत. कारण त्याच्या दुकानातला टीव्ही. त्यावर वर्षानुवर्षं एकच सिनेमा लागलेला असे. एका इमारतीतल्या शेजाऱ्यांची धमाल, भाग दुसरा. पहिला भाग कुणाला आठवत नव्हता आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. दुसऱ्या भागात मात्र कंजूस घरमालक भाडेकरूंचं बोलणं चोरून ऐकायला गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत उतरतो, आणि नेमका खाली कुणीतरी पंप सुरू करतं. शिंप्याच्या मते तो घरमालक म्हणजे हुबेहूब दूधवाला. दूधवाल्याच्या मते शिंपी. खात्री करून घ्यायला दोघंही पुन्हा पुन्हा दाढीला येत.

टीव्ही मागच्या भिंतीवर, म्हणून गिऱ्हाइकं सिनेमा आरशातून बघत. त्यातला नायक डावखुरा आहे, अशी गल्लीची पक्की समजूत होती.

गळ्यावर वस्तरा असताना माणूस हसला तर काय होतं, ते मामाने पूर्वी एकदा बघितलं होतं, आणि नेमकी तेव्हाच तुरटी संपलेली होती. तेव्हापासून टाकीचा प्रसंग आला की त्याचा हात आपोआप वर जाई. गिऱ्हाईक पोटभर हसून घेई, मग हात खाली येई. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी खुर्चीत बसले ते होणारे व्याही. मामाच्या पोरीने लग्न स्वतःच ठरवलं होतं, बापांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं. मुलाचे वडील घड्याळं दुरुस्त करत. चेहरा असा, की चावी द्यायची राहून गेलीय.

"आपली पोर हसरी," मामाने सकाळीच घरी जाहीर केलं होतं. "त्या घरात कुणी हसतं का, ते आधी बघतो. नसेल तर माझं नाही."

"बाबा, लग्न मी करतेय, तुमचं दुकान नाही," पोर म्हणाली.

टाकीचा प्रसंग आला. पंप सुरू झाला. मामाचा हात वर गेला. बाकावरचा शिंपी हसून हसून कलंडला. व्याही मात्र ढिम्म. नुसते डोळे मोठे झालेले.

मामाने उरलेली दाढी उरकली. पोरीला काय सांगायचं, याची मनात जुळवाजुळव सुरू होती. त्याने तोंड पुसून दिलं, वस्तरा मिटून खणात ठेवला. पडद्यावर म्हातारी आत्या घर सोडून निघाली होती. या जागी शिंपीही नाक ओढतो.

आणि व्याही फुटले. खुर्चीला धरून हसले, ठसका लागेपर्यंत.

"अहो, तिकडे आत्या रडतेय!" मामा चिडला.

"मी टाकीचं हसतोय," व्याही डोळे पुसत म्हणाले. "आमच्या घरी हा सिनेमा पाठ आहे. पण तुम्ही एकदम वस्तरा उगारून उभे! म्हटलं, मुलाने काय केलं असेल?"

मामाने वर गेलेल्या आपल्या हाताचा पहिल्यांदाच विचार केला.

घरी गेल्यावर बायकोने दारातच विचारलं, "काय झालं?"

"हसतात," मामा चपला काढत म्हणाला. "घड्याळवाले असून उशिरा हसतात. पण हसतात."