खिळ्यावरचा टॅग

जहाजाच्या टाकीत उतरणं हा माझा धंदा. सिंगापूरच्या यार्डात जहाज दुरुस्तीला आलं की त्याच्या पोटातल्या टाक्यांत शिरायचं, कुजलेले पत्रे कापायचे, नवे वेल्ड करायचे. आत काळोख, उकाडा, आणि टाकीचं तोंड एवढंसं, की माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाला श्वास धरूनच सरकावं लागतं. आमच्या देवगडकडच्या गावात मात्र लोकांना वाटतं, हा काचेच्या इमारतीत टाय लावून बसतो. सांगून सांगून थकलो. आता मीही हो म्हणून मोकळा होतो.

मे महिन्याची सुट्टी संपवून परत आलो आणि आठवड्याच्या आत सुपरवायझरने गाठलं. इथलाच चिनी माणूस, तोंडाचा फटकळ पण मनाने बरा. म्हणाला, "तुझा कामाचा पास संपतोय. अजून दोन वर्षं राहणार का? शुक्रवारपर्यंत सांग." एरवी त्याने काही विचारलं की माझ्या तोंडून इथल्यासारखं 'कॅन, कॅन', म्हणजे 'हो, जमेल', आपोआप बाहेर पडतं. या खेपेला जीभच उचलेना. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्या हेल्मेटकडे.

आता यात एवढं काय अवघड, असं कुणीही म्हणेल. घरची आठवण येते ना? मग जा की! पण डोक्याचा नुसता भुगा झाला होता. बुकित पंजांगला आम्ही चौघे एका फ्लॅटमध्ये राहतो. संध्याकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, कुणी मासा तव्यावर टाकला की मला घरच्या बांगड्याची आठवण येते आणि समोरचा भात घशाखाली उतरत नाही. इथे असताना वाटतं, कधी एकदा घरी जातो. आणि घरी गेलो की? चार दिवसांत चिडचिड. लाईट का गेली, रिक्षावाला वेळेवर का येत नाही, रस्ता ओलांडताना कुणी थांबत कसं नाही. बायको म्हणते, "तुम्ही सुट्टीवर आलाय की इन्स्पेक्शनला?"

या सुट्टीत तर कहरच झाला. चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाच्या मांडवात एक बरी खुर्ची बघितली, तिच्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि हात धुवायला गेलो. सिंगापुरात जागा अशीच धरतात. टेबलावर पाकीट दिसलं की कुणी तिथे फिरकत नाही. येऊन बघतो तर खुर्चीवर बायकोचे एक मामा ऐसपैस बसलेले, आणि माझ्याच टिश्यूने मिशा पुसतायत! वर मलाच म्हणतात, "बरं झालं हो जावईबापू, कागद आणलात." मी खवळलो, मग हसायला आलं, मग उगाचच रडूही आलं. मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिलो. आपण नक्की कुठले, हेच कळेना.

म्हणजे दोन्हीकडून अर्धवट. राहावं म्हटलं तर जीव रमत नाही, जावं म्हटलं तर तिथे जाऊन करणार काय? आमच्या गावात जहाजाच्या टाक्या थोड्याच आहेत!

गुरुवारी कामावरून आल्यावर इमारतीखालच्या बाकावर बसून बायकोला व्हिडिओ कॉल लावला. दोन वर्षांचं सांगायचं होतं, पण धीर होईना. म्हणून आधी थट्टेवर नेलं. आमच्यात एक टॅगची गंमत आहे. टाकीत उतरताना प्रत्येकाने आपल्या नावाचा टॅग तोंडाशी असलेल्या फळीवर लटकवायचा आणि वर आलं की काढायचा. ज्याचा टॅग त्यानेच, दुसऱ्याने हात लावायचा नाही, साहेबानेसुद्धा. तोंडाशी एक माणूस बसवलेला असतो, आणि फळीवर एक जरी टॅग असला तरी त्याने हलायचं नाही. एकदा एकजण टॅग काढायला विसरला, तर सगळं काम थांबवून आम्ही बॅटऱ्या घेऊन टाकीभर त्याच्या नावाने ओरडत फिरलो. गडी कँटीनमध्ये नूडल्स खात बसला होता.

हे मी पूर्वी बायकोला सांगितलं होतं आणि एक जुना, बाद झालेला टॅग दाखवायला घरी नेला होता. तिने दाराशेजारी खिळा ठोकला. म्हणाली, "जाताना इथे लटकवून जा. सिंगापूर म्हणजे तुमची मोठी टाकीच. मी बसते तोंडाशी." तेव्हापासून निघताना टॅग लावतो आणि आलो की चपला काढायच्या आधी खाली घेतो.

म्हणून तिला म्हटलं, "काय गं, या खेपेला नियम मोडलास. मी लावायच्या आधीच तू टॅग लावून ठेवलास. निघताना बघितलं मी."

ती म्हणाली, "मी नाही लावला."

"मग कुणी लावला?"

"अहो, तुम्ही काढलातच कुठे? आलात तेव्हा कानाला फोन होता, साहेबाशी बोलत बोलत आत शिरलात. तो तसाच लटकत होता. महिनाभर. रोज झाडताना बघत होते. म्हटलं, बघू, यांच्या लक्षात येतं का."

महिनाभर त्याच दारातून आत-बाहेर केलं होतं मी. आमच्या धंद्यात याच्यापेक्षा मोठी चूक नाही.

"बोलायचं तरी होतंस," मी म्हटलं. "नाहीतर काढून टाकायचास."

"मी कशी काढणार? ज्याचा त्याने काढायचा, तुम्हीच सांगितलंय." ती म्हणाली. "मी आपली तोंडाशी बसलेय. बसायचं किती, तेवढं सांगा."

दोन वर्षांचं बोलणं तोंडातच राहिलं.

शुक्रवारी सुपरवायझरला सांगितलं, पास वाढवू नका. तो चकितच झाला. "व्हाय? पगार कमी पडतो?" म्हटलं नाही, घरी एक काम करायचं राहून गेलंय.

"मोठं काम?"

"नाही, बॉस. अर्ध्या मिनिटाचं."

"अर्ध्या मिनिटासाठी नोकरी सोडतोस? यू क्रेझी, लाह!"

असेन. पुढे तिथे जाऊन काय करणार, ते अजूनही कळलेलं नाही. मी फळीवर टॅग लावला, श्वास धरला आणि टाकीत उतरलो. संध्याकाळी वर आल्यावर आधी तो काढला आणि तोंडाशी बसलेल्या माणसाला म्हटलं, "जा रे बाबा, घरी जा."