ज्याच्या दारात कवठ आहे

आमच्या रेडिओवरच्या कायद्याच्या कार्यक्रमाला एकच नियम होता: कोणाचं नाव घ्यायचं नाही. हा नियम मीच केला, वकील म्हणून केला आणि फार शहाणपणाचा समजून केला. आमच्या लोकांनी पहिल्याच महिन्यात त्याची पार वाट लावली.

नाव घ्यायचं नाही ना? मग नाही घेत. "मॅडम, एका माणसानं आमची वावरात जायाची पांदण काटे टाकून अडवून ठेवली. नाव नाई सांगत. त्याच्या ट्रॅक्टरवर मोर काढला आहे." झालं! मधलं गाणं संपायच्या आत मोरवाल्या ट्रॅक्टरांचे मालक फोन करायला लागायचे, की तो मी नाही, माझा मोर पिसारा मिटलेला आहे. आणि ज्या मोरवाल्याचा फोन यायचा नाही, तो संध्याकाळी गुपचूप जाऊन काटे उचलायचा. मी मात्र स्टुडिओत बसून कलमं सांगत होते आणि सगळं कलमांमुळेच होतंय असं समजून खूश होते.

खूश म्हणजे किती! दर गुरुवारी दुपारी कोर्टातून काळ्या कोटासकट पळत यायची, लाल दिवा लागला की घशाला पाणी लावायची आणि बोलायला सुटायची. चंद्रपूरच्या बाजारात वांगी घेताना भाजीवाली म्हणायची, "तुमी रेडिओवाल्या बाई ना?" मी उगाच लाजायची आणि मग पुढच्या दुकानात जरा मोठ्यानं बोलायची. आमचा आवाज तसा फार लांब जात नाही. राजुऱ्याच्या पुढं गेलं की खरखर होते आणि मध्येच तेलुगू गाणं घुसतं. पण तेवढ्या मुलखात मी प्रसिद्ध होते, आणि प्रसिद्धी अंगाला लागते हे कोणी मला आधी सांगितलं नव्हतं.

अशात रेडिओच्या वरच्या ऑफिसातून निरोप आला. कार्यक्रम देशभर ऐकवायचा विचार आहे, हिंदीतून. आधी एक भाग करून बघू, मोठे साहेब स्वतः येतील.

मी तर हवेतच गेले. आरशासमोर हिंदी सुरू झाली. "नमस्कार श्रोताओं" म्हणताना भुवई कुठली उचलायची याचाही सराव केला, रेडिओवर भुवई दिसत नाही हे लक्षातच आलं नाही. कोरपन्याला माहेरी फोन केला. भावानं जिनिंगवर कापूस उतरवता उतरवता सगळ्यांना सांगून टाकलं की माझी बहीण आता देश सांभाळणार आहे.

एकटे आमचे निवेदक भाऊ खूश नव्हते. या भाऊंचा आवाज असा, की त्यांनी हवामान सांगितलं तरी लग्नाचं आमंत्रण वाटतं. ते म्हणाले, "मॅडम, देशाले आपला तलाव कुठी माहीत?"

"त्यात काय, सांगू की!" मी म्हणाले.

तलावाचा विषय निघाला त्याला कारण होतं. त्याच आठवड्यात एक ढीवर बाई स्टेशनवर आल्या होत्या. त्यांचे मालक गावच्या मच्छीमार सोसायटीचे सभासद होते, ते वारले. तेव्हापासून सोसायटीचा सेक्रेटरी बाईंचं नाव लावतच नव्हता. आज या, उद्या या, बाईमाणूस डोंग्यात कशाले पायजे, असं चाललं होतं. नाव नाही तर तलावात जाळं टाकता येत नाही आणि निघालेल्या मासोळीत वाटाही नाही. मोठी मासेमारी आता तोंडावर आली होती. बाई लग्न होऊन आल्यापासून मालकाबरोबर जाळं ओढत आल्या होत्या, आणि आता तलावाच्या बांधावर, पाळीवर उभं राहून दुसऱ्यांची जाळी बघायची पाळी आली होती. हे सांगताना त्या रडल्या नाहीत, चिडल्या. मला त्यांचा रागच फार आवडला.

साहेब आले. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. बाईंचा प्रश्न त्यांना एकदम पसंत पडला. बाई पुढं सरसावून म्हणाल्या, "नाव नाई घेत मी. ज्याच्या दारात कवठ आहे तो सेक्रेटरी, इतकंच म्हणते."

साहेब हसले. "नहीं नहीं, कवठ नहीं. पूरे देश के लिए बोलिए. एक राज्य है, एक गाँव है, एक महिला है."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "कवठ नाई म्हणू? मंग त्याले कसं कळन?"

खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण माझ्या डोक्यात तेव्हा देश होता. मी बाईंची समजूत काढली आणि चहाबरोबर त्यांच्याकडून हिंदी वाक्यं पाठ करून घेतली.

गुरुवार उजाडला. भाग एकदम सगळीकडं जाणार होता, आमच्याकडंही. बाई गावी तलावाच्या पाळीवर उभ्या राहिल्या, कारण त्या गावात फोन लागतो तो पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली. शेजारपाजारच्या सगळ्या बाया भोवती. बाईंनी शाळेतल्या कवितेसारखं एका दमात म्हटलं, "एक राज्य है, एक गाँव है, एक महिला है, उसका पति मर गया, सोसायटी वाला नाम नहीं लगाता." आवाज इतका ताठ, की मलाच ओळखू येईना.

मी उत्तर दिलं. सभासद वारला की वारसाला सभासद होण्यासाठी अर्ज करता येतो. बाई आहे एवढ्यावरून नाही म्हणता येत नाही. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर वर दाद मागता येते. छान सांगितलं, भुवईसकट सांगितलं. सांगून झाल्यावर मात्र मनात आलं: एवढ्या मोठ्या देशात हे कोणाला लागलं? कोणाच्या ट्रॅक्टरवर मोर नव्हता, कोणाच्या दारात कवठ नव्हतं. पाळीवरच्या बाई लाइनवर तशाच थांबल्या होत्या आणि मला त्यांच्याशी बोलायचीही लाज वाटायला लागली.

तेवढ्यात भाऊंनी काचेतून हात हलवला. दुसरा फोन होता.

"नमस्कार मॅडम! मैं आपका प्रोग्राम हर हफ्ते सुनता," एक माणूस दणदणीत आवाजात म्हणाला. "मैं अभी चंद्रपूर आया था जाळा लेने को, गाडी रोक के बोल रहा हूँ. वो जो बहन बोली ना, सुनके मेरा तो खून खौल गया! अरे, क्या आदमी है वो? ऐसे आदमी को तो सोसायटी से निकाल देना चाहिए!"

साहेब खुशीनं मान डोलवायला लागले.

"हमारे इधर ऐसा नहीं होता," माणूस सांगत होता. "वो उधर दूर कहीं होता होगा. मैं खुद सेक्रेटरी हूँ मॅडम! हमारी सोसायटी में कोई बहन आई, तो उसी दिन नाम लगाएँगे. ये मेरा वादा है, पूरे देश के सामने!"

लाइनवर थांबलेल्या माणसाला कार्यक्रम फोनमधूनच ऐकू येतो. आणि पाळीवरच्या फोनचा स्पीकर सुरू होता. आधी एक किंचाळी आली, मग हसण्याचा असा लोंढा आला की भाऊंनी हेडफोन कानावरून उचलून धरले. कोणीतरी ओरडलं, "अवो, हा तर आपलाच कवठवाला!" मला दोन्ही हातांनी तोंड दाबावं लागलं. साहेब विचारत होते, क्या हुआ, क्या हुआ, आणि भाऊंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग बाई बोलल्या. पाठ केलेली हिंदी गेली, आपल्या बोलीत बोलल्या, अगदी शांतपणे.

"सेक्रेटरी भाऊ, मी बोलून राह्यली. मंग उद्या येऊ का?"

त्यानं गाडीचं इंजिन बंद केलेलं ऐकू आलं.

"या बाई," शेवटी तो म्हणाला. आवाज पार खाली आला होता. "सकाऊनच या."

साहेबांनी जाताना विचारलं, ऐसा हर हफ्ते होगा क्या? मी म्हटलं, होईल, फक्त जिथं अडवणारा आणि पाळीवरचे लोक एकाच रेडिओला कान लावून बसलेत तिथं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. कार्यक्रम देशभर न्यायचा की नाही, त्याचा विचार वर अजून सुरूच आहे. मला आता घाई नाही. न्यायचाच असेल तर कवठासकट न्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा आमच्यापुरते होतो. पहिलाच फोन पाळीवरून आला. मागं पाण्याचा चुबुकचुबुक आवाज.

"बाई, काय प्रश्न आहे?" मी विचारलं.

"प्रश्न नाई मॅडम. आज माह्या नावानं जाळं टाकलं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी देशाले सांगतलं होतं ना आपण? मंग हेही देशाले सांगून द्या."

मी म्हटलं, "बाई, आज आपला आवाज राजुऱ्यापर्यंतच जातो."

"जाऊ द्या ना," त्या म्हणाल्या. "मले इथल्यालेच सांगाचं होतं."