बर्फाच्या पेटीतली गोधडी

बॅटरी हातात घेतली की काका आधी तिच्यावर उलटा हात ठेवायचे, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "ताप नाय ना?" मग पुढचं काम.

तुमच्याही चाळीत असा कुणी असेल. आमचे काका लालबागला जिन्याखाली बसून जुन्या लॅपटॉपमधले लिथियमचे सेल सोडवायचे आणि चांगले निवडून नव्या बॅटऱ्या बांधायचे. उभ्या जन्मात त्यांनी स्वेटर घातला नव्हता.

एकदा हिमाचलातला एक बाप आला. परळच्या इस्पितळात मुलीच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. घशातला कफ ओढायचं मशीन घेऊन ते गावी निघाले होते, पण तिथे हिवाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते. मशीन थांबलं तर पोरीचा श्वास कोंडणार.

काकांनी बॅटरी बांधली. मी वाचलेलं सांगितलं, गोठवणाऱ्या थंडीत ही चार्ज केली तर कायमची खराब होते.

"मगे गोधडी घालूया."

काकूंच्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवून, बॅटरी तीत गुंडाळून, थंडी कितपत अडते ते बघायला त्यांनी ती चाळीतल्या मासेवालीच्या बर्फाच्या पेटीत ठेवली. "बोंबील म्हणान विकू नको गो," असं तिला बजावलंही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरीवर उलटा हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. गारठली होती. "माणूस आतून गरम असता, म्हणान गोधडी गरम लागता," ते हळू म्हणाले. "हिच्या आत काय हा?"

आठवडाभर त्या पेटीशी झटून त्यांनी गोधडीच्या आत हीटरची तार बसवली. वीज आली की आधी ऊब, मग आपोआप चार्जिंग. वीज गेली की ती ऊब गोधडीने धरून ठेवायची.

वापरायच्या सूचना हिंदीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मोर्च्यांची पत्रकं लिहिणारा. वरतीच चार ओळी ठोकल्या, आजाऱ्याच्या घरी वीज पोचवू न शकणाऱ्या सरकारवर. काकांनी त्या मला मोठ्याने वाचायला लावल्या.

"खोटं आहे का काही?" मी विचारलं.

"खरा हा. पण ह्या वाचून चेडवाचो कफ सुटतलो काय रे?"

मी ओळी खोडल्या. खाली त्यांनी माझाच फोन नंबर घालायला लावला, कारण त्यांचं हिंदी फक्त त्यांनाच कळायचं. बाप पोरीला आणि बॅटरी घेऊन गावी गेला.

दिवाळीच्या तोंडावर काका गेले. छातीत कळ आली, इस्पितळ गाठेपर्यंतही थांबले नाहीत. मी त्यांच्या कपाळावर उलटा हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पौषात फोन आला. "दो दिन बिजली नहीं थी. मशीन चलती रही." मागे ते मशीन गुरगुरत होतं. मग पोरगी खोकली. बाप थांबला, पुन्हा बोलू लागला. "ज़रा चाचा को दीजिए ना."

त्या खोडलेल्या ओळींतला शब्द न् शब्द मला आजही खरा वाटतो. त्या माणसाला मात्र मी म्हणालो, "बाहर गए हैं. आएँगे तो बता दूँगा."