सिरॅमिकच्या भट्टीतले रोडगे

आईनं दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि चावी शेजारच्या काकूंच्या हातात दिली. "कडीपत्त्याले पानी टाकजा वो ताई," एवढंच बोलली. बाबा गेल्यापासून बोरगाव मेघेच्या त्या घरात ती एकटी होती आणि मी तिची एकुलती एक लेक, तिला अमेरिकेत, ओहायोला घेऊन जायला आलेली. ऑटोवाल्यानं बॅगा कोंबल्या. गल्लीतल्या बाया फाटकापर्यंत आल्या, एकदोघींनी पदर डोळ्यांना लावला. आम्ही दोघी मात्र कोरड्या ठणठणीत. माझ्या डोक्यात पासपोर्ट आणि तिच्या बीपीच्या गोळ्या, दुसरं काही नाही.

बाबा गेले तेव्हाही मला रडू आलं नव्हतं. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात आणि गाल आपला राहत नाही ना, तसंच काहीतरी. चिमटा काढला तर कळतो, दुखत नाही. म्हटलं, उतरेल हळूहळू. उतरलं नाही.

तुम्ही सगळी चुलत-मावस भावंडं फोनवर विचारता, "आई रमली का?" मी "हो" म्हणते आणि विषय बदलते. आज खरं सांगते. तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून निघाले, त्यांना तरी हे समजेल.

मला एकच गोष्ट हवी होती: आईनं इथंच राहावं. कायमचं. नितीन, माझा नवरा, माझ्याआधी हे बोलला होता. कागदपत्रांचं सगळं बघून ठेवलं होतं त्यानं. फक्त आईनं हो म्हणायचं बाकी होतं. मी विचारलं की ती म्हणे, "पाहू ना." जेवण कसं झालं? "चांगलं हाये." थंडी वाजते का? "चालते." अगं बाई, भांड तरी माझ्याशी! पण नाही. दिवसभर ती खिडकीशी बसून रस्त्याकडे पाहायची, आणि आमच्या रस्त्यावर पाहण्यासारखं काही नाही.

मग एका दुकानात मला ती भट्टी दिसली. सिरॅमिकचा कोळशाचा ग्रिल म्हणतात. रांजणाएवढा, अंड्याच्या आकाराचा, हिरवागार, खाली हवेला एक झरोका, वर झाकणावर दुसरा. जाड भिंतीमुळे आच आतच राहते म्हणे. लोक त्यात मांस भाजतात. मला दिसले ते रोडगे.

गिरडच्या अलीकडे आमचं शेत होतं, भाजीपाल्याचं. वांगी निघून झाली की बाबा शेतात रोडग्यांचा स्वयंपाक करायचे. कणकेच्या पाऱ्या एकात एक घालून गोळा करायचा, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरायचा, भाजला की फडक्यानं राख झटकून तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पेटवायचं काम बाबांचं आणि विझवायचं आईचं. सगळे जेवून उठले की ती आरावर लोटाभर पाणी ओतायची, त्याशिवाय शेतातून पाय काढायची नाही. सुकल्या धुऱ्यानं, बांधावरच्या गवतातून, विस्तव कुठं पळेल, काय सांगावं.

म्हणून ते धूड मी विकत घेतलं. दोन माणसांनी उचलून मागच्या अंगणात ठेवलं. दुकानदारानं बजावून सांगितलं होतं की पहिल्यांदा मंद आचेवर तापवा, द्रव इंधन घालू नका, झाकण एकदम उघडू नका. मी मान डोलावली आणि घरी येऊन आपल्याच पद्धतीनं केलं. आपली पद्धत म्हणजे काय, गोवऱ्यांचा ढीग धडाडून पेटवायचा आणि जाळ बसला की आर पसरायचा. इथं गोवऱ्या ऑनलाइन मिळतात, पण होमापुरत्या, म्हणून लाकडी कोळसा काठोकाठ भरला आणि दोन्ही झरोके सताड उघडे ठेवले. झाकणावरचा तापमानाचा काटा चढता चढता पार टोकाला गेला. ही भट्टी तापली की तापली, खाली यायचं नाव घेत नाही. मी झाकण सरळ वर केलं तर आतून भपकन जाळ आला आणि माझी एक भुवई गेली. रोडगे बाहेरून कोळसा, आत कच्ची कणीक.

"बाबाचेबी जळे कधी कधी," आई म्हणाली. मी खूश. चार शब्द तरी बोलली!

पुढच्या रविवारी शिस्तीत केलं. कोळसा थोडा, एकाच जागी पेटवलेला. काटा मधोमध यायच्या आधीच झरोके बोटभर ठेवून बाकी बंद. कोळशावर आडवी सिरॅमिकची थाळी, म्हणजे जाळ थेट लागत नाही. झाकण आधी दोन बोटं उघडून आतली गरम हवा सोडायची, मग पूर्ण उघडायचं. आईनं पाऱ्या करून गोळे वळले, मी भाजले. रोडगे असे झाले की बोटानं दाबलं तर पापुद्रे सुटत होते. तूप ओतलं, भाजीत कुस्करले, तिघं जेवलो.

मला वाटलं होतं, पहिल्या घासाला काहीतरी होईल. बाबा आठवतील, भडभडून येईल. काही झालं नाही. रोडगे चांगले होते, बस. आई म्हणाली, "चांगले झाले." तिचाही चेहरा माझ्यासारखाच.

नितीन आणि मी ताटं घेऊन आत गेलो. मी नळ सोडला आणि बाहेर 'टण्' असा आवाज झाला.

धावत गेले. आई भट्टीसमोर उभी, हातात रिकामं भांडं. आतून वाफेचा लोट. उघडी भट्टी, थाळीच्या कडेनं दिसणारे लाल कोळसे, जेवणं झालेली. तिनं नेहमीसारखं पाणी ओतलं होतं. तापलेल्या सिरॅमिकवर थंड पाणी. भट्टीला वरपासून खालपर्यंत उभी भेग गेली होती.

"विझवू काय म्हून विचाराले पायजे होतं मी," ती म्हणाली. तेवढ्यात नितीन दारात आला. आईनं झटकन पदर डोक्यावर घेतला आणि मला हळूच विचारलं, "जवाई काय म्हनतीन वं?"

नितीन हसला. "आई, जाऊ द्या हो! दुसरी आणू." मनापासून बोलला बिचारा. पण आई मान खाली घालून भांडं पुसत राहिली. कोरडं भांडं. माझी आई, जिनं हिंगणघाटच्या बाजारात दलालांना गप्प बसवलं, ती माझ्या अंगणात शाळेतल्या पोरीसारखी उभी होती.

तो आत गेल्यावर ती पायरीवर बसली. मीही बसले.

"मले जाऊ दे पोरी," ती म्हणाली. "तुमी दोघं लय करून राह्यले माह्यासाठी. काई कमी नाई. पन हे जवायाचं घर हाये."

"माझंबी आहे ना आई."

"तुयं हायेच ना." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "माह्या घरात मी किती काय काय फोडलं, तुह्या बाबाले सांगतलंबी नाई."

आणि तेव्हा मला रडू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, चांगलं हमसून. आई म्हणत होती, "काऊन रडतं वं, भट्टीसाठी?"

तिकीट काढलंय. दिवाळीच्या आधी ती तिथं असेल. काकूंना सांगून घर झाडून ठेवा, पाण्याची टाकी धुवून घ्या. तिला फार प्रश्न विचारू नका.

भट्टीला भेग गेली तेव्हा नितीन काय म्हणेल, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. म्हणजे माझं घर इथलं झालंय. कधी झालं, कळलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की आमचं घर एकच आहे, बोरगाव मेघेतलं, आणि मी तेवढी त्याच्यापासून लांब आहे.