हजार किलोमीटर होईपर्यंत

डोसकाकांनी चौतीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली, पण त्या चौतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या हातात त्यांनी औषध नुसतं म्हणून ठेवलं नाही. आधी बाटली उजेडाकडे धरून मुदत बघायची, मग बाटली हलवायची, मग गिऱ्हाईकही हलेल इतक्या गंभीर आवाजात सांगायचं, "जेवणानंतर. जेवणाआधी नाही, जेवताना नाही. पाच दिवस. तिसऱ्या दिवशी बरं वाटायला लागेल, तेव्हा बंद करायचं नाही. कोर्स अर्धा सोडायचा नाही." शेवटी एक पांढरं लेबल काढून त्यावर हेच सगळं टपोऱ्या अक्षरांत लिहायचं आणि ते असं दाबून बसवायचं, की बाटली फुटेल पण लेबल सुटणार नाही. एकदा एका बाईंनी धीर करून तक्रार केली होती, "अहो, तुमच्या लेबलाखाली औषधाचं नावच गेलं की!"

"नाव काय करायचंय? डोस दिसतोय ना?" काका म्हणाले होते. त्या दिवसापासून गल्लीनं खुद्द त्यांच्याच नावावर ते लेबल लावलं.

असा माणूस निवृत्त झाला आणि त्यानं नवी कोरी गाडी घेतली. कल्पना त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची. त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, एकशे ऐंशी किलोमीटरवरच्या गावी एकटी राहायची. काकूंच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या झेपेनाशा झाल्या तेव्हापासून बहिणींची गाठभेट फोनवरच. काका महिन्याच्या महिन्याला ताईला औषधांचं पार्सल पाठवत, अर्थातच लेबलांसकट. पण पार्सलात बहीण घालून पाठवता येत नाही. तेव्हा गाडी घ्यायची आणि पहिल्याच आठवड्यात ताईकडे जायचं, एवढं साधं ठरलं होतं. काकूंनी बॅगसुद्धा भरून ठेवली.

गाडी दारात आली त्या संध्याकाळी दुसरं कुणी असतं तर चार चौकांत मिरवून आलं असतं. काका गाडीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन आरामखुर्चीत बसले. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो बारीक टाइपातला कागद असतो, जो लोक पहिल्यांदा फेकतात आणि काका घरी आणून वाचत, त्याचाच हा थोरला भाऊ. तीनशे बारा पानं! इंजिन ऑइलच्या पानावर ते आले आणि त्यांना भरून आलं. तेल कोणतं घालायचं, ते स्पष्ट: सिंथेटिक, झिरो डब्ल्यू ट्वेंटी, म्हणजे अगदी पातळ. कधी बदलायचं, तेही स्पष्ट: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल ते.

"जे आधी होईल ते," काकांनी मोठ्यानं वाचलं. "अगं, ऐकलंस? याला म्हणतात लिहिणं. पळवाटच ठेवली नाही."

आनंदाच्या भरात, पान पुरतं वाचून व्हायच्या आत, त्यांनी खिशातून लेबल काढलं, त्यावर तो डोस टपोऱ्या अक्षरांत उतरवला आणि पानाच्या तळाशी जागा बघून दाबून बसवला. निदान त्यांना तरी ती जागा वाटली.

पुढच्या पानावर आणखी एक वाक्य होतं. पहिले हजार किलोमीटर नव्या इंजिनाला दमवू नये. काकूंचं नशीब त्या वाक्यात अडकलं.

"म्हणजे हजार होईपर्यंत हायवे नाही," काकांनी जाहीर केलं.

"मग हजार होणार कसे?"

"हळूहळू."

आणि खरोखरच हळूहळू सुरू झालं. रोज सकाळी सातला काका गाडीवरचं आच्छादन काढत, बॉनेट उघडत, तेलाची पातळी बघायची कांडी बाहेर ओढून, पुसून, पुन्हा बुडवून, पुन्हा काढून, रोग्याची जीभ बघावी तशी निरखून बघत. मग गाडी चौकापर्यंत नेत. दीड किलोमीटर. चौकात वळवून परत. आणखी दीड. घरी आल्यावर बॉनेटवर तळहात ठेवून बघायचं; कोमटपेक्षा जास्त लागलं तर दुसऱ्या दिवशी आणखी हळू. रविवारी इंजिनाला सुट्टी.

काकू शाळेत गणितात काही फार हुशार नव्हत्या, पण एवढा हिशेब त्यांना बिछान्यात पडल्या पडल्याही येत होता. रोजचे तीन, आठवड्याचे अठरा. त्या कूस बदलत.

त्यात शेजारच्या ड्रायव्हरसाहेबांची भर. या गृहस्थांनी तीस वर्षं बस चालवली होती आणि अजूनही ते बोलताना उजवा हात गिअर टाकल्यासारखा... नव्हे, डावा हात हलवत. उजव्यानं ते स्टिअरिंग धरत. रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवर चहाचा कप ठेवून ते उभे राहत.

"अरे डोस, हे तेल आहे का पाणी? झिरो म्हणे! तेल कसं पाहिजे? बोटांत धरलं की तार निघाली पाहिजे."

"ड्रायव्हरसाहेब, घट्ट असतं ते सगळंच गुणकारी असतं असं नाही. नाहीतर मी लोकांना खोकल्यावर डांबर दिलं असतं."

"आमच्या बसला..."

"तुमची बस दर थांब्यावर काळं ओकायची. मी मागच्या सीटवर बसायचो."

"बरं, ते राहू दे. पण हजार झाल्या झाल्या हे कंपनीचं तेल ओतून दे. नव्या इंजिनात लोखंडाचा चुरा असतो. माझं ऐक, घट्ट टाक."

हा वाद अकरा महिने चालला. काकांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं, 'कृपया पुस्तक पाहावे', आणि काकांनी ते उत्तर ड्रायव्हरसाहेबांना तीनदा वाचून दाखवलं. ड्रायव्हरसाहेबांनी मग भिंतीवरून एक डबा पुढे केला, त्यात मधासारखं दाट तेल होतं. काकांनी त्याची मुदत विचारली. दोघांचे दिवस मोठे मजेत जात होते. कुणी विचारलंच, की गाडी घेऊन कुठं जाऊन आलात, तर काका म्हणत, "आधी तेलाचं एकदा नक्की होऊ दे." आत स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज येई.

मग ताईचा फोन आला. तिची मुलगी तिला कायमची आपल्याकडे घेऊन चालली होती, समुद्रापलीकडे. विमान बारा दिवसांनी. घर बंद करून किल्ली मालकाच्या हाती द्यायची.

"चार दिवस येऊन राहा ग," ताई म्हणाली. "सामान आवरताना एकटीला नको नको होतं. एकेक वस्तू हातात घेते नि बसूनच राहते."

काकूंनी फोन ठेवला आणि ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी मात्र ताबडतोब बाहेर जाऊन आकडा पाहिला.

"आठशे बासष्ट झालेत," ते आत येऊन उत्साहानं म्हणाले. "एकशे अडतीसच राहिले! ताईंना म्हणावं, दोन महिने फक्त थांबा."

"विमानाला सांगू?" काकू म्हणाल्या.

काका पुन्हा आकडा बघायला निघाले.

"अहो, ही गाडी माझ्या गुडघ्यांसाठी घेतली होती की तिच्या? अकरा महिने त्या कांडीला जेवढं पुसलंत ना, तेवढं माझ्या चष्म्याला पुसलं असतं तर मला निदान ताईचा फोटो तरी नीट दिसला असता." आणि त्यांनी पुन्हा फोन उचलला; पण तो ताईला नव्हता, कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीला होता. "तेलाचं नक्की व्हायचंय ना? होऊन जाऊ दे आजच."

मिस्त्री हात पुसत आला. काका कांडी काढून द्यायला पुढे झाले, तर त्यानं ती घेऊन आधी नाकाशी धरली. मग तेल ओतायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून काकांसमोर धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट, सायीसारखा थर जमला होता. अकरा महिन्यांत काकांनी कांडी शेकडो वेळा काढली होती. हे झाकण एकदाही नाही. कारण पुस्तकात रोज झाकण काढा असं नव्हतं.

"हे काय?" काकांनी झाकण हातात घेऊन विचारलं.

"पाणी. हवेतली ओल. आणि तेलाला पेट्रोलचा वास येतोय." मिस्त्रीनं कूलंटची टाकी पाहिली. "इंजिन थंड करणारं पाणी जागेवर आहे, आत गळत नाही, म्हणजे मोठं दुखणं नाही. काका, गाडी चालवता किती?"

"रोज! न चुकता. चौकापर्यंत. फक्त रविवारी सुट्टी."

मिस्त्री काकूंकडे बघायला लागला. काकूंनी मान हलवली.

"काका, मागं मला ताप आला होता तेव्हा मी गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद केल्या. तुम्ही मला दुकानात चारचौघांत किती झापलं होतंत, आठवतंय? अर्धा कोर्स म्हणजे रोगाला खुराक, म्हणालात. मग इथं काय चाललंय? इंजिन तापलं, चांगलं खरपूस तापलं, की तेलातली ओल नि पेट्रोल उडून जातं. तुम्ही रोज ते तापायला घेता आणि कोमट झालं की बंद करता. आठवड्याचे सहा दिवस. वर्षभर!"

"पुस्तकात असं नाही," काका म्हणाले. "पुस्तक माझं पाठ आहे. दहा हजार किंवा एक वर्ष. एक महिना बाकी आहे अजून."

"असणार. सगळ्यांच्या पुस्तकात असतं. आणा."

पुस्तक आलं. पान उघडलं. पानाच्या तळाशी काकांचं लेबल, टपोरं, ठाम. मिस्त्रीनं नखानं कोपरा उचलून पाहिला. कागदच फाटायला लागला.

"थांबा," काकू म्हणाल्या. चौतीस वर्षं काकांच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत डाळी-मसाले भरलेल्या बाई त्या. काकांचं लेबल कसं काढायचं हे गल्लीत फक्त त्यांना माहीत होतं. गरम पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून, त्यांनी ते लेबलावर ठेवलं आणि पन्नासपर्यंत आकडे मोजले. मग एका टोकाला धरून हलकेच ओढलं. लेबल अख्खं सुटून आलं. खाली बारीक टाइप होता. ड्रायव्हरसाहेबांनी भिंतीवरून मान लांब केली.

काकूंनी वाचलं, अगदी काकांच्याच चालीत. "कठीण वापर. टॅक्सी म्हणून वापर. सतत धुळीचा रस्ता. ट्रेलर ओढणे. वारंवार आठ किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या फेऱ्या." इथं त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अशा वापरात तेल बदलावे: पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांतलं जे..."

"जे आधी होईल ते," काका पुटपुटले आणि पायरीवर बसले.

ट्रेलर ओढणाऱ्यांच्या पंक्तीत! ज्या माणसानं गाडीत धूळ जाईल म्हणून समोरून मोटारसायकल आली तरी काचा वर केल्या, तो पुस्तकाच्या लेखी गाडीचा छळ करणारा निघाला होता. पण त्याहून खोल लागलं ते दुसरंच. चौतीस वर्षांत मुदत संपलेली एकही बाटली त्यांच्या हातून गेली नव्हती. आणि घरच्या इंजिनात गेले पाच महिने मुदत उलटलेलं तेल फिरत होतं, रोज सकाळी सातला त्यांच्या नजरेसमोर!

"मी म्हणतच होतो," ड्रायव्हरसाहेब खूश होऊन म्हणाले, "घट्ट टाक..."

"तुम्ही तर बोलूच नका, साहेब," मिस्त्री म्हणाला. "तुमचं ते मधासारखं तेल सकाळच्या गारठ्यात वरपर्यंत चढेस्तोवर या इंजिनाचे बारीक भाग कोरडेच घासतील. ते तुमच्या बसला. या गाडीला झिरो डब्ल्यू ट्वेंटीच. तेलाचं काकांनी बरोबर वाचलंय."

काकांनी मान वर केली. तेवढ्या एका वाक्यावर त्यांना उठून उभं राहता आलं. "मग आता?"

"आता तेल नि फिल्टर बदलतो, तासाभरात. नंतर गाडीला नीट तापू द्यायचं. पंधरा दिवसांतून एकदा तरी, एका दमात तासभर."

"एकशे ऐंशी किलोमीटर चालेल?" काकूंनी विचारलं.

"पण हजार..." काका म्हणाले.

"काका, दमवू नये म्हणजे सुसाट हाणू नये. एकाच वेगात ताणत बसू नये. कोंडून ठेवा असं कुठं लिहिलंय?"

काकांनी पान उलटून शोधलं. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा महिने भरून ठेवलेली बॅग डिकीत गेली. एकाच वेगात ताणू नये, म्हणून काका कधी पन्नासनं जात, कधी सत्तरनं. त्यामुळे एका ट्रकला त्यांनी चार वेळा मागं टाकलं आणि त्या ट्रकनं त्यांना पाच वेळा. पाचव्यांदा ट्रकवाल्यानं हात जोडले. काकू बोलत होत्या. लहानपणी ताईनं आपल्याला सायकल शिकवताना मागून हात कसा सोडला, आपण पडलो तेव्हा ताईच आधी कशी रडली, असलं काहीबाही, जे त्या गेल्या दोन वर्षांत फोनवर बोलल्या नव्हत्या. काका हूं हूं करत होते.

ताईच्या दारात गाडी बंद केल्यावर त्यांची नजर आकड्यावर गेली. एक हजार अठ्ठेचाळीस. हजार कुठल्या वळणावर होऊन गेले, त्यांना पत्ताही लागला नव्हता. त्यांनी सवयीनं बॉनेट उघडण्याच्या खटक्याकडे हात नेला. समोर दोघी बहिणी उंबऱ्यातच एकमेकींचे कोपर धरून उभ्या होत्या. काकांनी हात मागं घेतला आणि बॅग उचलून आत गेले.

घरभर खोकी पसरली होती. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली, चार दिवसांत काय काय आवरायचं ते ठरलं. मग ताईनं कपाटातून एक अर्धी बाटली काढून काकांपुढे ठेवली.

"तुम्हीच पाठवलेली, खोकल्याची. न्यायची की टाकायची, बघा बरं. मुदत काही दिसत नाही हो. तुमच्या लेबलाखाली गेलीय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी बाटली उजेडाकडे धरली, खाली ठेवली, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच, कुणालाही काहीही न समजावता, थोडं गरम पाणी मागितलं.