सुतकातलं तमिळ

आमची सून तमिळ. तिचं हिंदी चांगलं, मराठी मोडकंतोडकं, आमचं छान चाललं होतं. पण पहिल्या बाळंतपणासाठी मदुराईला माहेरी जायला डॉक्टरांनी तिला मनाई केली, तेव्हा विहीणबाईच जालन्याला यायच्या ठरल्या. त्यांना तमिळशिवाय दुसरी भाषा येत नाही. महिनाभर एका स्वयंपाकघरात दोन बायका, आणि दोघी मुक्या! मला बोलल्याशिवाय पोळीसुद्धा लाटता येत नाही. मी धास्तावलेच.

मुलाने मोबाईलवर तमिळ शिकवणारं ॲप टाकून दिलं. रोज एक धडा, एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा शून्यावर. म्हणजे नेमच की! चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जायचं मी कधी चुकवलं नाही, मग हे कसं चुकवीन?

ब्याण्णव दिवस झाले आणि वाटूरचे चुलत सासरे नव्वदी ओलांडून वारले. दहा दिवस सुतक. विद्या म्हणजे सरस्वती, सुतकात तिला कसं शिवायचं? "फोनवर गप्पा चालतात, धडा तेवढा चालत नाही का?" नवरा म्हणाला. मी लक्ष दिलं नाही. आमच्या देवाला दिवा लावायला शेजारीण येणार होतीच. तीच म्हणाली, "नेम मोडायचा न्हाई बाई. दिव्याबरोबर तमिळ बी करते मी."

रोज दिवा लावला की ती सोफ्यावर बसून माझा धडा करी. ती अडली आणि उत्तर माझ्या जिभेवर आलं, की ओरडे, "तुम्ही बोलू नका, तुम्हाला सुतक हाय!"

विहीणबाई आल्या आणि दारातच माझे शंभर धडे पळाले. उरला एकच शब्द, तण्णीर, म्हणजे पाणी. तेवढा म्हटला आणि तांब्या पुढे केला. त्या पाणी प्यायल्या, हसल्या. मग काय, चिंच किती, मीठ किती, तुमचा नवरा असा, माझा तसा. अर्धं तोंडाने, अर्धं हाताने आमचं सुरू झालं.

अठराव्या दिवशी सुनेला दवाखान्यात नेलं. ती आत, बाहेर बाकावर आम्ही दोघी. विहीणबाई एकदम म्हणाल्या, "पयमा इरुक्कु." भीती वाटतेय. हे कुठल्याच धड्यात नव्हतं, पण चेहऱ्यावरून कळलं.

"एनक्कुम," मी म्हणाले. मलापण. मग हात धरून दोघींनी रडून घेतलं. तासाभराने नात झाली.

दुसऱ्या दिवशी डबा करायला आम्ही घरी आलो, तर शेजारीण दारात. "बाळ झालं म्हंजे दहा दिवस सोयर. सुतकासारखंच की! आणा मंग मोबाईल."

मी ॲप उघडलं. मोजणी शून्य. विहीणबाई आल्यापासून मी ते एकदाही उघडलं नव्हतं.

शेजारणीने कपाळाला हात लावला. "एवढा जपलेला नेम मोडला वो!"

मला काडीचंही वाईट वाटलं नाही. इतक्यात विहीणबाईंनी आतून विचारलं, चहात साखर किती? मी बसल्या जागेवरून तमिळमध्येच सांगितलं, शेजारणीला कमी, मला जास्त.