एकदाच विचारायचं

इंग्रजी भाषा कापसासारखी चिमटीत धरून, ओढून पाहणारा माणूस जगात एकच आहे आणि तो नालवाडीत आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे राहतो. मी चौथी शिकलेली बाई. जग फारसं पाहिलेलं नाही, तरी हे मी छातीठोकपणे सांगते.

आम्ही सगळे त्यांना ग्रेडरभाऊ म्हणतो. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात घालवला. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढायचा आणि लांब, आखूड की कवडी ते सांगून टाकायचं. कवडी म्हणजे डागी, किडका माल. नोकरी सुटली, पण बोटांना ते कळलं नाही. इंग्रजी ते तिथल्याच ऑफिसात पडलेल्या एका जुन्या पुस्तकावरून एकट्याने शिकले होते, त्यामुळे कोणी इंग्रजी वाक्य बोललं की त्यांची बोटं हवेत चालू लागतात. "हे आखूड धाग्याचं हाय, वहिनी. ओढलं की तुटते." मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला लागले, तेव्हा माझी पहिल्या महिन्यातली सगळी वाक्यं कवडी निघाली. सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत ते इंग्रजीशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. दूधवाल्याने एक महिना सोसलं, मग म्हणाला, "भाऊ, मी आता बारानंतरच येत जातो. तुमाले सोपं, मले सोपं." तेव्हापासून भाऊ सकाळचा चहा काळा पितात, पण नियम मोडत नाहीत.

शिकवण्याची रीतही त्यांचीच. नवा वाक्प्रचार दिला की तो त्याच दिवशी जित्या माणसावर वापरायचा आणि संध्याकाळी भिंतीपाशी येऊन काय झालं ते सांगायचं. मला एकदा 'माइंड युअर ओन बिझनेस' मिळाला. आपलं काम पाहा, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नका, असा त्याचा अर्थ. असं सांगण्याजोगं माणूस मला शोधावं लागलं नाही. मी हिंगणघाटला जावेला फोन लावला आणि म्हटलं. ती घाबरून म्हणाली, "काय म्हणून राह्यली व? दाढ दुखते काय?" संध्याकाळी भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माल चांगला होता. गिऱ्हाईक चुकलं."

हे सगळं मी हौसेने केलं नाही. माझ्या मुलाने मदुराईची मुलगी केली. लग्नात तीन दिवस मी विहिणीच्या शेजारी बसले. तिला हिंदी येत नाही, मला तमिळ येत नाही, इंग्रजीत मी मुकी. हसून हसून जबडा दुखला, मग मी हसणंही बंद केलं. पुढे सुनेकडून कळलं, अम्माला वाटलं की मी गर्विष्ठ आहे. ते मला लागलं. मी तोंडाची फटकळ आहे, गर्विष्ठ नाही. तिची मुलगी चांगली आहे, एवढं मला तिला माझ्या तोंडाने सांगायचं होतं. भाऊंना तसं सांगितलं तेव्हा त्यांनी इंग्रजी वाक्य तयार करायला आठ दिवस घेतले. "एवढ्या नाजूक कामाले कचरा चालत नाई, वहिनी."

दोन वर्षांनी विहीण सेवाग्रामचा आश्रम पाहायला म्हणून एकटीच गाडीने आली, चार दिवसांसाठी. मी पाटोडीचा रस्सा केला, भाकरी केल्या, ताट वाढलं आणि एक एक वाढून झाल्यावर विचारलं, "सम मोअर?" ती म्हणाली, "नो थँक्यू." मी पातेलं झाकलं. कारण भाऊंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "इंग्रजीत एकदाच विचाराचं. नो थँक्यू म्हटलं की खेळ खलास. दुसऱ्यांदा विचारलं तर अपमान." आपल्याकडे पाहुणा तीनदा नाही म्हणतो आणि चौथ्यांदा जेवतो, हे मी जन्मभर केलेलं, पण इंग्रजीत चूक व्हायला नको म्हणून जीभ दाताखाली धरली. सकाळी तेच, रात्री तेच. एका भाकरीवर बाई हात धुवायची.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "आई, तू अम्माले जेवू नाई देऊन राह्यली काय?"

"काऊन? काय झालं?"

"थे पोरीले फोनवर म्हणे, सासू लई चांगली हाय तुयी, पण त्यांच्या घरी एकदाच विचारतात."

मी फोन ठेवला, पातेलं उचललं आणि विहिणीसमोर उभी राहिले. दोन वर्षांचं सगळं इंग्रजी डोक्यातून गेलं. "ईट!" मी म्हटलं. ती म्हणाली, "नो, नो." मी वाढलं. ती पुन्हा "नो" म्हणाली, मी पुन्हा वाढलं. मग ती अशी हसली की तिला ठसका लागला. चार भाकरी खाल्ल्या. शेवटच्या भाकरीला मी भाऊंचं वाक्य म्हणायला गेले, पण ते अर्ध्यात तुटलं आणि उरलं एवढंच: "युअर डॉटर, गुड. मी, लकी." ती रडली. रडकी माणसं मला आवडत नाहीत, पण तिला चाललं.

विहीण गेल्यावर मी भिंतीपाशी जाऊन भाऊंना धारेवर धरलं. "तुमच्या नियमानं माही विहीण उपाशी मेली असती."

भाऊंची बोटं थांबली. मग म्हणाले, "पुस्तकात तसं लिहिलं होतं, वहिनी. मले कुठं माहीत? इंग्रजीत मले अजून कोणी जेवालेच बोलावलं नाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. शिकवण्याचे ते काही घेत नाहीत म्हणून मी दर दोन-चार दिवसांनी सकाळी भिंतीवरून ताट पुढे करायची. ते म्हणायचे, "नो थँक्यू." आणि मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी भरलेलं ताट परत घरात न्यायची. दोन वर्षं. त्या माणसामुळे मी विहिणीशी बोलले, आणि त्यालाच मी एकदा विचारून सोडून देत होते.

दुसऱ्या दिवशी भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन गेले. "नो थँक्यू," ते म्हणाले. मी हलले नाही. "नो थँक्यू, रिअली." मी ताट भिंतीवर ठेवलं आणि म्हटलं, "भाऊ, मुकाट्यानं घ्या. भाकर थंडी होऊन राह्यली."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, दोन अंगठ्यांमध्ये धरला, हळूच ओढला. नजर वर केली नाही.

"लांब धाग्याची हाय, वहिनी," ते म्हणाले.

सकाळचे दहा वाजले होते.